ताकदीच्या गोळ्या

माझ्या सासऱ्यांना आमच्याकडे जपानला पाठवायचं, हा निर्णय माझ्या थोरल्या दिरांनी पुण्यात बसून घेतला. आम्हाला तो फोनवर कळवण्यात आला.

बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, सांगलीला औषधांचं दुकान होतं. चाळीस वर्षं काउंटरमागे उभं राहून त्यांनी अर्ध्या गावाला गोळ्या विकल्या, आणि गोळ्यांबरोबर दम फुकट दिला. "ताप उतरला म्हणून मधेच बंद केल्यास, तर पुन्हा माझ्या दारात यायचं नाही," हे ते मामलेदारालाही सांगत आणि भाजीवाल्यालाही. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुकान पुतण्याच्या हाती दिल्यावरही बाबा रोज सकाळी तिथे जाऊन त्याच्या चुका काढत. मग एका हिवाळ्यात ते जायचे थांबले. नंतर दाढी करायचे थांबले. जेवण निम्म्यावर आलं, पहाटे जाग आली की अंथरुणात नुसते छताकडे बघत पडून राहत. पुतण्याने कळवलं, दिरांनी त्यांना पुण्याला आणून मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी नैराश्य म्हणून सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं झालं. त्यानंतर घरच्यांनी डोकं चालवलं.

गोळ्या कसल्या आहेत हे बाबांना सांगायचं नाही, असं ठरलं. "ताकदीच्या आहेत," दिरांनी त्यांना सांगितलं. ज्या माणसाची सगळी हयात औषधांच्या पट्ट्यांवरची बारीक अक्षरं वाचण्यात गेली, त्या माणसाला! वर हवापालट म्हणून त्यांना आमच्याकडे धाडायचं ठरलं. ज्याला कुणाशी दोन शब्द बोलायची गरज, त्याला अशा देशात पाठवायचं जिथे तो कुणाशीच बोलू शकणार नाही. कल्पना नामी होती. दिरांच्या घराला रंग काढायचा होता, हे मला फार नंतर कळलं.

आम्ही तेव्हा तोक्योच्या पूर्वेला, फुनाबोरीत राहत होतो. दोन हजार सालाच्या संगणकांच्या घोळासाठी कंपन्या पुण्यामुंबईहून माणसं मागवत होत्या, त्यात माझा नवरा आला होता. पाचव्या मजल्यावरच्या दोन छोट्या खोल्या आणि तुळशीची कुंडी ठेवली तर माणूस मावणार नाही एवढी गॅलरी. बाबा आले ते एप्रिलमध्ये. सगळं शहर चेरीच्या फुलांखाली चटया पसरून बसलेलं असताना आमच्याकडचा पाहुणा भिंतीकडे तोंड करून बसला. त्यांच्या बॅगेत मेतकूट, कुळथाचं पीठ आणि त्या दोघांच्या मधे, स्टीलच्या डब्यात, तीन महिन्यांच्या गोळ्या होत्या.

"बाबा, गोळी," मी रोज सकाळी तो डबा पुढे करून म्हणायची.

"ठेव तिथे," ते म्हणायचे.

नवरा कामाला लागला. म्हणजे तो ऑफिसला गेला आणि तिथून फोन करू लागला. "घेतली का?" तो विचारायचा. बाबा "हो" म्हणायचे. एवढं झालं की एका मुलाचं कर्तव्य पार पडायचं. मग त्याने अकिहाबाराहून एक मनगटी घड्याळ आणलं, ते ठरलेल्या वेळी कोंबडीच्या पिल्लासारखं ओरडायचं. बाबा ते उशीखाली दाबून ठेवत. उशीखालून ओरडणारं ते पिल्लू बंद कसं करायचं हे जपानी माहितीपुस्तक वाचूनही नवऱ्याला जमलं नाही. अख्ख्या बँकेचा संगणक दुरुस्त करायला आलेला माणूस हा.

शनिवारी-रविवारी निशिकासाईच्या बाजूला आपली चार कुटुंबं जमायची, तिथे आम्ही बाबांना घेऊन जायचो. मी एका मैत्रिणीला विश्वासात घेऊन सांगितलं, त्यामुळे वरणभात वाढेपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. सल्ल्यांना ऊत आला. एकाने सांगितलं, ही सगळी केमिकल्स असतात, शरीराला सवय लागते; हे सांगताना त्याच्या हातात व्हिस्कीचा दुसरा ग्लास होता. एकीने श्वासाच्या व्यायामाची कॅसेट दिली. एकाने चुंबकाचा पट्टा दिला, जो कमरेला बांधल्यावर बाबांची पँट खाली येऊ लागली. "काका, पॉझिटिव्ह विचार करायचे," एका पंचविशीतल्या मुलीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं. बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने हात काढून घेतला.

फरक पडत नव्हता. महिना उलटला, मे संपत आला. बाबा आणखी वाळले. नवरा म्हणाला, "गोळ्याच बोगस दिसतात." दीर फोनवर म्हणाले, "तुमच्याकडे वातावरण निर्माण होत नाहीये." म्हणजे दोष एकतर कारखान्याचा होता किंवा माझा.

मग एका सकाळी दाराची घंटा वाजली. आमच्या इमारतीचे व्यवस्थापक उभे होते, हातात आमच्या घरची कचऱ्याची पिशवी. जपानमध्ये शेजाऱ्याला तुमचं नाव माहीत नसेल, पण जळणाऱ्या कचऱ्यात तुमचं न जळणारं काही गेलं की ते कुणाचं हे सगळ्यांना माहीत असतं. अर्धपारदर्शक पिशवीतून काहीतरी चकाकत होतं. "हे जळत नाही," ते अतिशय नम्रपणे म्हणाले आणि एवढे वाकले, की त्या नम्रतेनेच माझे कान तापले. पिशवी घेऊन मी मोरीत गेले, उघडली. बटाट्याच्या सालींत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. पूर्ण भरलेल्या, एकही गोळी न काढलेल्या. मी स्टीलचा डबा उघडून पाहिला. त्यात वजनाला मेतकुटाची पुडी भरलेली होती.

मी बाबांना काही बोलले नाही. चूक केली ती ही, की नवऱ्याला सांगितलं. त्याने दिरांना फोन केला, आणि दोन भावांनी मिळून एक योजना आखली. तिच्यासारखी मूर्ख योजना आमच्या घरात त्याआधी झाली नव्हती, आणि आमच्या घरात योजनांची वाण कधीच नव्हती. सालींतून धुऊन काढलेल्या गोळ्यांपैकी एक कुटून खाण्यातून द्यायची. बाबांना गोड आवडतं, तेव्हा शिरा. आणि मी नकार दिला म्हणून शिरा नवरा करणार.

लग्नाला सात वर्षं झाली होती. या काळात त्या माणसाने गॅसजवळ जाऊन जर काही केलं असेल तर सिगारेट पेटवली होती. त्या रविवारी त्याने रवा भाजला, दूध सांडलं, वेलदोडे सालींसकट टाकले आणि बशी बाबांच्या पुढे ठेवून समोर उभा राहिला. बाबांनी बशीकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं.

"तू केलास?"

"हो. म्हटलं, तुमच्यासाठी."

"गोळी किती मिलिग्रॅमची घातलीस?"

नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. बाबांनी चमचासुद्धा हातात घेतला नव्हता. गेल्या कित्येक आठवड्यांत त्यांचा आवाज एवढा स्पष्ट ऐकला नव्हता.

"दादा म्हणाला..." नवरा सुरू झाला.

"दादाला म्हणावं, मी सोमलासारखं विष विकलेला माणूस आहे. मला शिऱ्यातून औषध देतोय!"

त्या दिवसापासून त्यांनी घरातलं खाणं बंद केलं. शिरा नवऱ्याने केला आणि बहिष्कार माझ्या आमटीवर पडला, हे आपल्याकडच्या रीतीला धरूनच झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी कोट घातला, बूट घातले आणि दार उघडून बाहेर पडले. आल्यापासून पहिल्यांदा, आपणहून. मी मागोमाग धावले. ते कोपऱ्यावरच्या कोनबिनीत गेले, चोवीस तास चालणाऱ्या त्या दुकानात, आणि कपाटापुढे उभे राहून एकेक वस्तू उलटीपालटी करून बघू लागले. सीलबंद आहे की नाही एवढंच बघत होते.

"यात काय आहे?" मला पाहून त्यांनी विचारलं. मी मागोमाग येणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

"भाताचा मुटका आहे. आत आंबट लोणच्यासारखं फळ असतं."

"मासे?"

"नाहीत."

बाहेर सायकली लावायच्या जागेशेजारी एक बाक होता. आम्ही तिथे बसलो. त्यांनी प्लॅस्टिक सोडवलं आणि खाऊ लागले. मी कचऱ्याचं काढणार नव्हते, पण तोंडातून निघून गेलं.

"बाबा, गोळ्या फेकायच्याच होत्या तर निदान न जळणाऱ्या कचऱ्यात फेकायच्या."

ते खायचे थांबले. मला वाटलं, आता हेही संपलं. पण त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

"पकडलंत होय?"

"मी नाही. व्यवस्थापकांनी पकडलं."

त्यांनी मुटका गुडघ्यावर ठेवला. "तोंड कोरडं पडायचं. पहिले चार-पाच दिवस घेतल्या मी, पुण्यात. पोट साफ होईना. हात कापायला लागले. दादाला सांगितलं तर म्हणाला, ताकदीच्या आहेत, सुरुवातीला असं होतं. मूर्ख." मग ते म्हणाले, "पण ते काही खरं कारण नाही."

समोरून शाळेची पोरं पिवळ्या टोप्या घालून चालली होती.

"या गोळ्या न्यायला लोक कसे येतात, ठाऊक आहे तुला? दुकान रिकामं व्हायची वाट बघत रस्त्यापलीकडे उभे राहतात. मग येऊन चिठ्ठी अशी उलटी ठेवतात काउंटरवर. मी कागदात गुंडाळून द्यायचो. आणि ते पायरी उतरले, की आत नोकराला सांगायचो, अमक्याच्या घरी वेडाचं औषध सुरू झालंय. तासाभरात पेठेभर. चाळीस वर्षं हेच केलं मी. आता माझ्या नावाची चिठ्ठी कुठल्या काउंटरवर उलटी पडली असेल आणि मागे काय बोलणं झालं असेल, ते मला कुणी सांगायला नको."

समजूत घालायची वाक्यं तयार होती, पण ती सगळी रविवारच्या मंडळींनी वापरून गुळगुळीत केली होती.

"इथे तुम्हाला कोण ओळखतं?" मी म्हणाले. "आणि ओळखलं तरी बोलणार कुठल्या भाषेत? तुम्हाला समजणारसुद्धा नाही."

यावर त्यांनी उरलेला भात संपवला.

फुनाबोरी स्टेशनच्या मागच्या गल्लीत एक वयस्कर डॉक्टर होते. पाटीवर मोठ्या अक्षरांत पोटाचे विकार लिहिलं होतं आणि खाली, डोळे बारीक केल्यावर दिसेल असं, मनाचं. माझं जपानी वॉर्डाच्या मोफत वर्गात शिकलेलं, भाजी आणि रेल्वेपुरतं. मी घरून वाक्यं जुळवून गेले होते आणि आत जाताच धडाधड बोलू लागले: सासरे, गोळ्या, कचरा. डॉक्टरांनी हात वर करून मला थांबवलं. खुर्ची बाबांकडे वळवली आणि बाबांकडेच बघत विचारलं, "का बंद केल्यात?"

मी भाषांतर केलं. बाबा एकदम ताठ बसले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. "घेतली का" सगळ्यांनी विचारलं होतं.

त्यांनी कोरड्या तोंडापासून सुरुवात केली. तोंड, हात, दोन्ही मला सांगता आलं. पोटापाशी येऊन माझी गाडी अडली. बद्धकोष्ठाला जपानीत काय म्हणतात ते वॉर्डाच्या वर्गात शिकवलं नव्हतं. मी हातवारे केले. डॉक्टरांना वाटलं, पोट दुखतं. नर्सला वाटलं, मला दिवस गेले आहेत, आणि तिने माझं अभिनंदन केलं. शेवटी बाबा उठले आणि सगळा संकोच सोडून, स्टुलावर बसून, दात-ओठ खाऊन, कपाळावरचा घाम पुसून त्यांनी ते प्रत्यक्ष करून दाखवलं. डॉक्टर एवढे हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. बाबाही हसले. मी सुनेसारखी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

लाजेचं मात्र बाबांनी मला नीट सांगायला लावलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. ते म्हणाले, "या गल्लीतला एकही माणूस माझ्याकडे येत नाही. माझे पेशंट शेजारच्या इचिकावा गावाहून येतात. आणि इथले लोक इचिकावाच्या डॉक्टरकडे जातात. गाडीत एकमेकांना दिसत असतील."

बाबांना हे फार आवडलं. "म्हणजे इथेही लपूनच?" त्यांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. एवढी इस्त्रीची, वक्तशीर माणसं, आणि आतून सांगलीच!

पुण्याची गोळी इथे मिळत नव्हती. डॉक्टरांनी दुसरी दिली, वय बघून अगदी लहान मात्रेत, हळूहळू वाढवायची म्हणाले. पोटासाठी वेगळी पुडी. दोन-तीन आठवडे काहीही वाटणार नाही, कदाचित त्रासच आधी वाटेल, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नाही. हे शेवटचं मी मराठीत सांगत असताना बाबांनी हात उडवला. हे वाक्य ते जन्मभर दुसऱ्यांना सांगत आले होते.

खिडकीवर औषध मिळालं तेव्हा मात्र ते हरखले. प्रत्येक वेळेचं औषध वेगळ्या चिमुकल्या पाकिटात, वर वेळ छापलेली. "काय पॅकिंग आहे," ते घरी येईपर्यंत म्हणत होते. शेजारच्या बाईला दाखवायला निघाले होते, मी थांबवलं.

घरी येऊन त्यांनी अटी घातल्या. मुलाने फोन करायचा नाही. घड्याळ घरातून जायला हवं. "घेतली का" हे शब्द कुणी उच्चारायचे नाहीत. "सकाळी चहाच्या वेळी मी आपला घेईन. तू समोर बसून तुझा चहा पी आणि दुसरं काहीतरी बोल." आमटीवरचा बहिष्कारही उठला. नवऱ्याला हा सगळा अपमान वाटला. आपल्या अनुपस्थितीत काम चांगलं होतं, हे कुठल्याच इंजिनियरला पटत नाही. आठवड्याभरात तो म्हणाला, "काही फरक दिसत नाही." मी म्हटलं, "तुम्ही बँकेचा संगणक गेली दोन वर्षं दुरुस्त करताय."

जूनचा पाऊस चिकचिकत राहिला. मी रोज समोर बसून दुसरं काहीतरी बोलत होते: टोमॅटोचे भाव, वरच्या मजल्यावरचं बाळ, व्यवस्थापकांचा नवा केसांचा टोप. ते पाकीट फाडायचे, मी नजर चहात ठेवायची. आणि जूनच्या शेवटी एका सकाळी बाबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुला चहा करता येत नाही."

मी माझ्या कपातला एक घोट घेऊन पाहिला.

"आल्याचा पत्ता नाही. पाणी उकळलंय नुसतं."

मी मोरीत जाऊन रडले. सासऱ्याने चहाला नावं ठेवली म्हणून आनंदाने रडलेली मी महाराष्ट्रातली पहिली सून असेन. पुढच्या पंधरवड्यात त्यांनी माझी पोळी, जपानी दूध, नवऱ्याची केस कापायची पद्धत आणि कोनबिनीतल्या पोराचं पैसे परत देणं, या सगळ्यांतल्या चुका काढल्या. दाढी रोज होऊ लागली. माणूस पूर्ण बरा होत होता आणि असह्य होत होता.

मग, अर्थातच, त्यांनी औषध बंद केलं. कुणाला न सांगता, "आता काय गरज" म्हणून. ज्या गिऱ्हाइकांना त्यांनी दारातून हाकललं असतं, त्यांच्यातलेच एक झाले. तीन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड; आणि आठवड्याने पुन्हा पहाटेचं ते छताकडे बघणं. मी काही विचारलं नाही, अट होती. एका सकाळी ते स्वतःहूनच कोट घालून माझ्यासमोर उभे राहिले.

"चल त्या डॉक्टरकडे. एका मूर्ख माणसाने कोर्स मधेच सोडलाय."

डॉक्टर रागावले नाहीत. "सगळेच एकदा करतात," एवढंच म्हणाले आणि पुन्हा लहान मात्रेपासून सुरू केलं. बाबांनी त्यानंतर कधी सोडलं नाही.

आजारपणाच्या कारणाने व्हिसा वाढवून घेतला होता, ते दसऱ्याच्या सुमारास परत गेले. पुण्यात दिरांनी सगळ्यांना सांगितलं, हवापालटाने माणूस कसा खडखडीत झाला. आपल्या योजनेवर ते इतके खूश होते की घराच्या नव्या रंगाविषयी कमी बोलायचे. बाबांनी ते खोडून काढलं नाही. सांगलीला परतल्यावर त्यांना गोळी बदलून मिळाली, आणि ती ते स्वतःच्या जुन्या दुकानातून न घेता बसने मिरजेला जाऊन आणत. मला फोनवर म्हणाले, "इचिकावाला जाऊन आलो." मला कळलं. लाज गेली नव्हती. तिची सोय झाली होती.

पुढच्या वर्षी मी सुट्टीला गेले असताना कोल्हापूरहून फोन आला. बाबांच्या धाकट्या बहिणीला, आत्यांना, तसाच त्रास सुरू झाला होता आणि त्या गोळ्यांना हात लावत नव्हत्या. त्यांच्या मुलाने ज्योतिषी आणला होता. बाबा मला घेऊन निघाले. आत्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून होत्या. त्यांच्या मुला-सुनेला बाबांनी खोलीबाहेर काढलं, मला राहू दिलं, आणि खुर्ची पलंगाला लावून बसले.

"गोळी का घेत नाहीस?"

आत्यांनी पांघरूण खांद्यावर ओढलं.

"तोंड कोरडं पडतं?"

मान थोडी हलली.

"पोट?"

"दादा, सुनेसमोर काय विचारतोस!" आत्या भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या.

"तिला सगळं ठाऊक आहे. तिच्यासमोर मी स्टुलावर बसून दाखवलंय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मी पण घेतो. वर्ष झालं. कुणाला सांगितलं नाही, तुला सांगतोय. आजचीही घेऊन आलोय."

आत्या वळल्या. बराच वेळ त्यांनी भावाचं तोंड निरखलं, त्याच्यावर कुठे वेडाची खूण दिसते का बघत असाव्यात.

"तू?"

"मी. आता बोल, पोटाचं काय?"

मग ती दोघं सत्तरीतली भावंडं पोटाविषयी जे बोलत बसली, ते एवढं मनापासून होतं की मला उठून बाहेर जावं लागलं. बाहेर आत्यांचा मुलगा दाराला कान लावून उभा होता. "काय सांगतायत मामा?" त्याने कुजबुजत विचारलं. मी त्याला सांगितलं, ज्योतिष्याला जेवायला वाढा आणि निरोप द्या.